मार्गासनीचा कळप आणि यादीत नसलेलं घर

"मॅडम, तुमच्या ॲपात ही शेळीच नाही," डॉक्टर शेडगे फोनवर म्हणाले. "बिल्ल्याचा नंबर परत परत टाकून बघितला. म्हणतंय, असं जनावर आढळलं नाही."

"नंबर वाचण्यात चूक झाली असेल."

"फोटो समोर आहे माझ्या. शेळी खरी, कानातला बिल्ला खरा, नंबर स्पष्ट. अन् तुमचं ॲप म्हणतंय नाही."

मी भोरला राहते. पुण्यातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीसाठी इथूनच काम करते. एका मेडिकल दुकानाच्या वर खोली घेतली आहे, तेच माझं ऑफिस. भोर-वेल्ह्याच्या शेळी-मेंढीपालकांच्या एका संस्थेला आम्ही ॲप बनवून दिलं होतं. प्रत्येक शेळीच्या कानाला बिल्ला, बिल्ल्यावर नंबर. त्या नंबरखाली तिचा मालक, लसी, वेत, विक्री अशा सगळ्या नोंदी. डॉक्टर शेडगे त्या संस्थेचे पशुवैद्य, वेल्ह्याला असतात. माणूस शांत. त्या दिवशी मात्र आवाज चढलेला होता.

"एवढी घाई कसली आहे, डॉक्टर?"

मग त्यांनी सांगितलं. पासलीच्या वरच्या अंगाला धनगरांची वस्ती आहे. तिथल्या ठकूबाई ढेबे यांची सून मंगल, पोटुशी, सहावा महिना. तिला ताप यायचा, उतरायचा, परत यायचा. अंग मोडून यायचं, कंबर धरायची. दोन ठिकाणी औषधं झाली, गुण नाही. शेवटी पुण्याला नेलं. रक्ताच्या तपासणीत ब्रुसेलोसिस निघाला.

हा जनावरांचा रोग. झालेली शेळी गाभ टाकते, म्हणजे दिवस भरायच्या आत करडू मेलेलं पडतं. ते उचलताना, करडामागून पडणारी वार काढताना, किंवा निरसं दूध पिताना माणसाला लागण होते. पोटुशी बाई असेल तर तिच्या बाळाच्या जिवाला धोका. ढेब्यांच्या एका शेळीने उन्हाळ्यात गाभ टाकला होता. मंगलनेच हाताने सगळं साफ केलं होतं. नंतर ती शेळी त्यांनी व्यापाऱ्याला विकली. फोटो उरला होता मंगलच्या मोबाईलमध्ये.

"ती शेळी ढेब्यांच्या घरची नव्हे," डॉक्टर म्हणाले. "विकत आणलेली. ठकूबाईंना एवढंच आठवतंय की सविताच्या ओळखीनं मार्गासनी गावाकडून आली. सविता म्हणजे गावोगावी जनावरांचं बघणारी आमची पशुसखी, ती लग्न होऊन मुंबईकडे गेली, तिचा फोन लागत नाही. मला मूळ कळप पाहिजे. कारण त्या कळपातल्या शेळ्या अजून कुणाकुणाकडे गेल्यात, ते मला कळलं पाहिजे. आजच्या आज."

"एक तास द्या," मी म्हणाले.

शेळी ॲपमध्ये का दिसत नव्हती, हे मला फोन ठेवायच्या आधीच कळलं होतं. ती विकलेली होती.

हे जरा समजावून सांगते. आमच्याकडे विकलेली किंवा मेलेली शेळी पुसून टाकत नाहीत. तिच्या नोंदीवर फक्त खूण होते: 'बंद'. आणि कोडमध्ये एके ठिकाणी एक अट लिहून ठेवलेली असते, की कुणीही शेळ्या मागितल्या तर बंद सोडून बाकीच्या द्या. ही अट दर वेळी लिहावी लागत नाही. प्रत्येक प्रश्नाला ती आपोआप चिकटते. तिला डिफॉल्ट फिल्टर म्हणतात.

हा फिल्टर माझ्या आधीच्या प्रोग्रॅमरने लावला होता आणि त्याला कारणही तसंच होतं. सुरुवातीला फिल्टर नव्हता तेव्हा एका मेंढपाळाची चार जनावरं बिबट्याने मारली. पुढच्या आठवड्यात त्याला आमच्या सर्व्हरवरून मेसेज गेला: 'आपल्या चार जनावरांचे लसीकरण बाकी आहे, कृपया घेऊन यावे.' तो माणूस संस्थेच्या ऑफिसात येऊन बसला आणि म्हणाला, "घिऊन येतू. तुमी बिबट्याला सांगा द्यायला." त्यानंतर फिल्टर आला.

मी पुण्याला निखिल सरांना फोन लावला. ते आमच्या कंपनीचे मालक. चालू ॲपला हात लावायचा तर त्यांना सांगावं लागतं.

"अगं, फिल्टरच काढून टाक," ते म्हणाले. "एक ओळ आहे. डॉक्टरांचं काम झालं की परत लाव."

"सर, लसीकरणाचे मेसेज दर तासाला जातात. मधल्या वेळात सगळ्या मेलेल्या शेळ्यांचे जातील. शिवाय विम्याची यादी आपोआप तयार होते, तीत विकलेल्या शेळ्या येतील."

"मग मेसेज बंद ठेव तासभर."

"अजून कुठे कुठे ही यादी वापरली जाते ते मला बघावं लागेल. त्यापेक्षा डॉक्टरांसाठी वेगळी स्क्रीन करते. फक्त तिच्यात फिल्टर ओलांडायचा. बाकी ॲपला कळणारही नाही."

"किती वेळ?"

"शेळी दिसायला दहा मिनिटं."

"कर."

दहा मिनिटं मी आत्मविश्वासाने सांगितली होती, आणि शेळी खरंच तेवढ्यात दिसली. प्रश्नात एक शब्द घालायचा असतो, त्याचा अर्थ 'बंद असलेल्या धरून'. नंबर टाकला. शेळी समोर आली. रंग काळा, कपाळावर पांढरा ठिपका, गाभ टाकल्याची नोंद, विकल्याची नोंद. मी डॉक्टरांना फोन करायला हात पुढे केला आणि थांबले.

'आधीचा मालक' या शब्दांपुढे काहीच नव्हतं. कोरी जागा.

विक्रीची नोंद होती. विकणाऱ्याचा क्रमांकही होता. पण नाव येत नव्हतं. कारण मालकांची माहिती दुसऱ्या टेबलात, म्हणजे दुसऱ्या तक्त्यात असते. शेळीवरून मालकाकडे जायला कोडमध्ये एक वाट असते, तिला रिलेशन म्हणतात. मी शेळीवरचा फिल्टर ओलांडला होता. मालकांच्या टेबलावर स्वतःचा वेगळा फिल्टर होता: संस्थेचं सभासदत्व सोडलेल्यांना दाखवू नका. शेळीसाठी दिलेली सूट मालकाला लागू होत नाही. वाटेवरच्या प्रत्येक टेबलाला वेगळं सांगावं लागतं.

वाटेवर टेबलं बरीच होती. शेळी, विक्री, मालक, वस्ती, पुन्हा शेळ्या. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा सोपा उपाय आहे. 'सगळे फिल्टर काढा' अशी एकच आज्ञा असते. मी ती सगळ्या बंद शेळ्यांच्या आधीच्या मालकांसाठी म्हणून आमच्या टेस्टिंगच्या सर्व्हरवर चालवून बघितली. तिथे खऱ्या माहितीची कालची प्रत होती.

नावं धडाधड आली. पहिली दोन मार्गासनीची. तिसरं नाव वाईकडचं. चौथंही तिकडचंच, पत्त्यासकट, मोबाईल नंबरसकट.

आमचं हेच ॲप साताऱ्याकडची आणखी एक संस्थाही वापरते. एका संस्थेची माहिती दुसरीला दिसू नये यासाठीसुद्धा एक डिफॉल्ट फिल्टरच होता. 'सगळे काढा' म्हटल्यावर तोही गेला.

मी निखिल सरांना हे सांगितलं. ते म्हणाले, "डॉक्टरच बघणार आहेत ना? चांगल्या कामासाठीच आहे. काय बिघडतंय?"

"त्या लोकांनी आपले नंबर या डॉक्टरांना दिलेले नाहीत, सर. आपल्याला विश्वासाने दिलेत."

"बाई आजारी आहे असं तूच म्हणालीस."

"म्हणूनच. घाईत डॉक्टर वाईच्या एखाद्या घरी फोन करून म्हणाले की तुमच्या शेळ्यांना रोग आहे, तर तिथे काय होईल? तिथल्या शेळ्या उद्या कुणी घेणार नाही. मी एकेक फिल्टर नाव घेऊन काढते. संस्थेचा राहू दे."

"ठीक आहे," सर म्हणाले. "पण लवकर."

मी प्रत्येक रिलेशनवर तेवढाच एक फिल्टर उतरवला. मालक: सभासदत्व सोडलेले धरून. शेळ्या: विकलेल्या, मेलेल्या धरून. संस्थेच्या फिल्टरला हात लावला नाही. पुन्हा नंबर टाकला.

आधीचा मालक: बबन, मार्गासनी. सभासदत्व सोडलं. संपूर्ण कळप विकला.

डॉक्टरांना नाव आणि नंबर दिला. त्यांनी लगेच फोन लावला आणि मलाही लाइनवर घेतलं. बबनराव आता पुण्यात टेम्पो चालवतात.

"व्हय, माझीच ती," ते म्हणाले. "कपाळाव चांदी हाय ना? दोन सालं लागोपाठ शेळ्या गाभडल्या माझ्या. म्या म्हनलं, ह्यात आता राम न्हाई. टाकल्या इकून."

"कुणाकुणाला विकल्या?"

"ते सविताताईनं केलं सगळं. गिऱ्हाईक तिनंच आनली. तिनंच मोबाईलवर भरलं. मला नावं न्हाई सांगता यायची, सायेब. मी नव्हतोच तवा गावात, टेम्पोवं लागलो व्हतो."

म्हणजे आता भिस्त ॲपवरच. बबनरावांचं पान उघडलं. 'यांच्याकडून गेलेल्या शेळ्या' अशी यादी तिथे होती. दोन घरं दिसली, दोन्ही वेल्ह्याजवळची. मी ती डॉक्टरांना पाठवली.

"निघालोच," ते म्हणाले. "आज दोन्हीकडची रक्तं घेतो. उपकार झाले, मॅडम."

निखिल सरांचा मेसेज आला: 'छान काम. आता बाकीची कामं बघ.'

मी चहा मागवला. तो येईपर्यंत यादी पुन्हा बघत बसले होते. काहीतरी खटकत होतं, पण काय ते लक्षात येत नव्हतं. यादीत कुठेही कोरी जागा नव्हती. दोन नावं, दोन नंबर, सगळं भरलेलं. चहा आला, एक घोट घेतला आणि मग दिसलं.

यादीत ढेब्यांची शेळीच नव्हती.

कपाळावर चांदी असलेली ती शेळी बबनरावांकडून गेली, हे आम्हाला आता पक्कं ठाऊक होतं. त्यांनी स्वतः सांगितलं होतं. मग ती त्यांच्या यादीत हवी होती. आम्हाला माहीत असलेली शेळी जर गळली असेल, तर माहीत नसलेल्या कोणत्या गळल्या होत्या?

मी सरांना फोन केला. "काम संपलेलं नाही."

"डॉक्टर निघाले ना?"

"अर्ध्या यादीवर निघालेत."

"पुरावा?"

मी ढेब्यांच्या शेळीचं सांगितलं. या वेळी त्यांनी वाद घातला नाही. "बाकीची कामं मी दुसऱ्याला देतो. तू हेच बघ," म्हणाले.

ती यादी जुनी होती, ॲपच्या सुरुवातीपासूनची. तिच्या आत एक अट दडलेली होती: ज्या विक्रीची शेळी सापडते तेवढ्याच विक्री दाखवा. शेळी सापडते का, हे बघायला आतल्या आत आणखी एक छोटा प्रश्न विचारला जातो. त्या छोट्या प्रश्नालाही तोच डिफॉल्ट फिल्टर चिकटतो. मी बाहेरून सूट दिली होती, ती आतपर्यंत पोचलीच नव्हती. त्यामुळे शेळी बंद असेल तर नाव कोरं येत नव्हतं, सगळी ओळच नाहीशी होत होती. कोरी जागा दिसली तर माणूस विचारतो तरी. जी ओळच नाही तिच्याबद्दल कोण विचारणार?

त्या आतल्या प्रश्नातही एक शब्द घातला. टेस्टिंगवर चालवलं. दोन घरांच्या जागी चार आली. दोन आधीची. तिसरं ढेब्यांचं. आणि चौथं भाटघरचं. शांताबाई आणि त्यांचे पती सोपानराव. शेळी घेतली, शेळीने गाभ टाकला, शेळी मेली. मेली म्हणून बंद, आणि बंद म्हणून यादीतून गायब. तिच्या आधीच्या वेताची एक पाठ, म्हणजे शेळीचं मादी करडू, मात्र त्यांच्याच दावणीला होती. मोठी झाली होती. शेवटची नोंद: गाभण.

डॉक्टरांचा फोन लागेना. त्या डोंगरात रेंज असली तर असते. मी संस्थेच्या ऑफिसला सांगून ठेवलं, स्क्रीन लाइव्ह केली आणि खाली येऊन स्कूटी काढली. भाटघर भोरपासून लांब नाही. मी पशुवैद्य नाही, हे मला माहीत होतं. पण 'हात लावू नका' एवढं सांगायला डिग्री लागत नाही.

घर धरणाच्या बाजूला, रस्त्यापासून थोडं आत. शांताबाई अंगणात भात वाळत घालत होत्या. मी कोण, कुठून आले, संस्थेच्या मोबाईलवाल्या ॲपचं काम करते, हे सांगितलं.

"बसा की," त्या म्हणाल्या. "च्या घ्या. दूध बी ताजं हाय."

"चहा नको, मावशी. दूध तर नकोच. शेळीचं आहे का?"

"न्हाई, म्हशीचं. शेळी अजून व्यायची हाय. आज-उद्या व्यायल ती." त्यांनी गोठ्याकडे हात केला. "सकाळधरनं उठबस करतीया."

मी गोठ्याच्या दारातूनच बघितलं. काळीभोर शेळी, कुशी फुगलेल्या, बेचैन.

"मावशी, हिची आई मेली ना?"

"व्हय. गाभडली अन् वार अडाकली. लई हाल झालं. म्याच काढली वार, हातानं. वाचली न्हाई."

"तुम्हाला त्यानंतर ताप?"

"मला न्हाई. ह्यास्नी येतोय." त्या घराकडे वळून बघायला लागल्या. "गुडगं धरल्यात त्यांचं. ताप येतोय अन् जातोय. वाताचं हाय म्हनं. गोळ्या खात्यात."

आतून सोपानराव काठी टेकत बाहेर आले. मी दोघांना ओट्यावर बसवलं आणि डॉक्टरांनी मला सांगितलं होतं तेवढं सगळं साध्या शब्दांत सांगितलं. ऐकताना शांताबाई सारखं हातांकडे बघत होत्या.

"मंजी आता ती व्याया लागली तर म्या हात न्हाई लावायचा?"

"नाही. डॉक्टर येईपर्यंत नाही."

"अवो, आडली तर मरंल की ती!"

"मावशी, पासलीजवळ एक पोटुशी सून आहे. तिने असाच हात लावला होता. तिचं बाळ वाचावं म्हणून सगळे धावतायत. तुम्ही हात लावू नका."

शांताबाई उठल्या, गोठ्याचं दार ओढून घेतलं आणि दारात बसल्या. सोपानरावांनी म्हशीला दुसरीकडे बांधलं. मी दर थोड्या वेळाने डॉक्टरांना फोन लावत राहिले. दुपारी फोन लागला. ते दुसऱ्या घरातून बाहेर पडत होते.

"मॅडम, ह्या दोन घरांचं झालं. आता काय?"

"अजून एक घर आहे. शेळी व्यायला झाली आहे."

डॉक्टर सरळ भाटघरला आले. हातमोजे, मास्क, चुना, सगळं घेऊन. ऊन कलायच्या सुमारास शेळी व्यायली. दोन करडं, दोन्ही मेलेली. डॉक्टरांनी वार स्वतः काढली, परसात खोल खड्डा घेऊन चुना टाकून पुरली. शेळीचं रक्त घेतलं. शांताबाई लांबून बघत होत्या. पदराचं टोक तोंडात धरलेलं, पण एक पाऊलही पुढे आल्या नाहीत.

रिपोर्ट नंतर आले. भाटघरची शेळी पॉझिटिव्ह. वेल्ह्याजवळच्या दोन घरांपैकी एकात एक पॉझिटिव्ह, दुसरं स्वच्छ. त्या शेळ्या कळपातून काढाव्या लागल्या. सोपानरावांना वात नव्हता, हाच रोग होता. सरकारी दवाखान्यात औषधांचा लांबलचक कोर्स झाला, आता काठीशिवाय फिरतात. शांताबाईंची तपासणी निर्दोष आली.

मंगलला पुण्याच्या डॉक्टरांनी बाळाला चालतील अशी औषधं दिली. दिवस पूर्ण भरले आणि मुलगी झाली. ठकूबाई संस्थेच्या सभेला आल्या तेव्हा मला भेटल्या. मला वाटलं, आभार मानतील. त्यांनी विचारलं, "आमची इकलेली शेळी तुमच्या मोबाईलात अजून दिसती व्हय?"

"डॉक्टरांना दिसते."

"मग ती आता कुठं हाय ते सांगा की."

ते मला सांगता आलं नाही. व्यापारी कुठल्या बाजारात गेला, तिथून शेळी कुणी नेली, याची नोंदच नव्हती. फिल्टर ओलांडता येतो. जे कुणी लिहिलंच नाही, ते कुठल्याही कोडने दिसत नाही. डॉक्टरांनी जवळपासच्या बाजारांत निरोप दिले, पण ती शेळी सापडली नाही. पुढे संस्थेने व्यापाऱ्याचं नाव आणि फोन घेतल्याशिवाय विक्रीची नोंद पूर्ण होऊ नये असं ठरवलं. ते मी ॲपमध्ये घातलं. त्यावर व्यापाऱ्यांनी कुरकुर केली, ती अजून चालू आहे.

डॉक्टरांची ती स्क्रीन कायमची राहिली. तिच्या डोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलं आहे: 'विकलेली व मेलेली जनावरे धरून'. बाकीच्या स्क्रीनवर लिहिलं आहे: 'सोडून'. निखिल सर म्हणाले, एवढं लिहायची काय गरज आहे, लोकांना कळतं. मी म्हणाले, मला कळलं नव्हतं.

आमच्याकडे कामाला नवीन येणाऱ्यांना मी एकच तपासणी सक्तीची केली आहे. जुनं काही शोधणारी यादी बनवली की तिच्यात आधी एक अशी नोंद शोधायची, जी तिथे असलीच पाहिजे हे आपल्याला बाहेरून ठाऊक आहे. ती सापडली तर यादी क्लायंटला पाठवायची. नाही सापडली तर फोन करून सांगायचं, थांबा.